सत्त्याऐंशीपट लहान शकुंतला

विसाव्या वर्षी आगगाडीशी 'खेळणाऱ्या' मुलाकडे लोक कोणत्या नजरेने पाहतात, हे मला पुरते ठाऊक आहे. घरी पाहुणे आले की आई मागच्या खोलीचे दार हळूच ओढून घेते. कुणी विचारलेच, तर 'तो अभ्यास करतोय' असे सांगते. आणि नेमक्या त्याच वेळी आतून घर्र असा आवाज येतो! वर्गातले मित्र तर मला सरळ 'स्टेशनमास्तर' म्हणतात. तेव्हा हे खूळ नेमके आहे तरी काय, त्यात डोके कुठे चालवावे लागते आणि त्याचा आपल्या यवतमाळशी काय संबंध, हे एकदाचे सांगून टाकावे म्हणून हा लेखनप्रपंच.

या खुळाचा उगम पुण्यातला. दहावीच्या सुट्टीत मामाकडे गेलो असताना त्याने मला कोथरूडमधील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय दाखवले. भाऊसाहेब जोशी या गृहस्थांनी आयुष्यभर जोपासलेल्या छंदातून हे संग्रहालय उभे राहिले आणि १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. एका मोठ्या दालनात अख्खे शहर मांडलेले आहे. त्यात उड्डाणपूल आहे, सर्कस आहे, पोहण्याचा तलाव आहे. या सगळ्यातून वाफेच्या, डिझेलच्या आणि विजेच्या लहानलहान गाड्या आपापल्या रुळांवरून, सिग्नल पाळत धावतात. दिवे मालवले आणि त्या इवल्या डब्यांच्या खिडक्या उजळल्या, तेव्हा मी मामाचा हात घट्ट धरला होता. परतीच्या वाटेवर मी त्याला विचारले, "मामा, यात आपली शकुंतला का नव्हती?" मामा हसून म्हणाला, "ती तू कर."

हे वाक्य त्याने सहज उच्चारले असेल. माझ्या मात्र ते डोक्यात बसले.

खेळणे आणि प्रतिकृती यांत फरक आहे, तो आधी समजून घेऊ. खेळण्यातली गाडी गाडीसारखी दिसली की पुरे. प्रतिकृतीत प्रत्येक माप एकाच प्रमाणात लहान करावे लागते. जर्मनीतील मेर्कलिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापाच्या रुळांवर धावणारी गाडी मांडली, तेव्हापासून या छंदाला शिस्त आली असे म्हणता येईल. कारण माप ठरले की एकाचा डबा दुसऱ्याच्या रुळावर धावू शकतो आणि दोन छंदिष्टांची मैत्रीही जमू शकते! आज जगभर सर्वांत जास्त चालणारे प्रमाण 'एचओ' नावाचे आहे. 'ओ' नावाच्या जुन्या मापाच्या निम्मे, म्हणून 'हाफ ओ', म्हणजे एचओ. त्यात खऱ्या वस्तूचा सत्त्याऐंशीवा भाग करतात. साडेपाच फुटी माणूस या जगात जेमतेम दोन सेंटिमीटरचा होतो.

आता खरी गंमत. युरोप-अमेरिकेतील सर्वसाधारण रुळांमधील अंतर १४३५ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागा, साडेसोळा मिलिमीटर येतात. बाजारात एचओचे जे रूळ मिळतात ते याच अंतराचे. पण आपल्या देशातील ब्रॉडगेजचे अंतर १६७६ मिलिमीटर, म्हणजे एचओमध्ये ते सव्वाएकोणीस भरायला हवे. त्यामुळे आपल्याकडे कुणी मोठ्या हौसेने डेक्कन क्वीनची प्रतिकृती केली आणि ती बाजारातल्या रुळांवर चढवली, तर ती गाडी आपल्या रुळांपेक्षा पावणेतीन मिलिमीटर अरुंद अशा परक्या रुळांवर धावते. देह इथला आणि पाय परदेशी!

शकुंतलेचे मात्र तसे नाही. तिच्या रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. ८७ ने भागले की ८.७६ येतात. आणि 'एन' नावाच्या आणखी लहान मापाचे रूळ बाजारात मिळतात, त्यांचे अंतर आहे बरोबर ९ मिलिमीटर. फरक पाव मिलिमीटरचाही नाही! म्हणजे एनचे रूळ, एनच्या मापाची यंत्रणा आणि चाके, आणि त्यावर एचओच्या मापाने स्वतः केलेला डब्याचा सांगाडा, असा मेळ घातला की शकुंतला उभी राहते. हा हिशेब मला अकरावीत असताना, गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर सुटला. गणितात मला त्या वर्षी किती गुण मिळाले हे इथे सांगण्याचे कारण नाही.

शकुंतला कोण, हे यवतमाळच्या वाचकाला सांगायला नको, पण बाहेरगावचे मित्रही हा अंक वाचतात म्हणून थोडक्यात सांगतो. किलिक-निक्सन या ब्रिटिश पेढीने १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन केली. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरापर्यंत आणि तिथून मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंत पोहोचवण्यासाठी या नॅरोगेजचा उपयोग होता. यवतमाळहून दारव्हा, कारंजा करीत गाडी मूर्तिजापूरला जाई आणि तिथे मुंबई-नागपूर या मोठ्या मार्गाला भेटे. हे अंतर ११३ किलोमीटर. मूर्तिजापूरहून दुसरा फाटा अचलपूरला जात असे. स्वातंत्र्यानंतर देशातील रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी हा मार्ग खाजगी कंपनीच्याच मालकीचा राहिला, गाडी मात्र भारतीय रेल्वे चालवीत असे. मँचेस्टरला १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून या गाडीला जुंपले गेले, ते १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले. पुढे डिझेल इंजिन आले. आता या मार्गावर गाडी धावत नाही. पुष्कळ ठिकाणी रुळांवर बाभळी माजल्या आहेत.

संपूर्ण मार्गाची प्रतिकृती करायची म्हटली तर? ११३ किलोमीटरला ८७ ने भागा. जवळजवळ एक किलोमीटर तीनशे मीटर येतात. म्हणजे नकलेतसुद्धा मूर्तिजापूर पायीच गाठावे लागेल! म्हणून छंदिष्ट मंडळी मार्गाचा एखादा तुकडा निवडतात. मी एक लहानसा थांबा निवडला. एक फलाट, एक निंब, एक जिनिंगकडे जाणारा फाटा आणि गाड्यांची वाट पाहणाऱ्या बैलगाड्या. सगळे मिळून आठ फूट लांब आणि दोन फूट रुंद अशा फळीवर मावते.

हे काम एकट्याचे नव्हे. आमची एक रविवारची बैठक आहे. त्यात एक घड्याळे दुरुस्त करणारे काका आहेत, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, एक सुतार आहेत आणि मी. घड्याळवाल्या काकांचे हात स्थिर, सुतारकाकांची नजर तयार, बँकवाल्या काकांचा हिशेब चोख. माझ्याकडे यांपैकी काहीच नसल्यामुळे चहा आणण्याचे काम माझे. बैठकीत गप्पा कसल्या चालतात म्हणाल, तर बाहेरच्याला वेड लागेल अशा! डब्याचा तांबडा रंग विटकरीकडे झुकणारा होता की जांभळ्याकडे, यावर दोन रविवार गेले. इंग्रजी छंदिष्टांत अशा लोकांना 'रिव्हेट मोजणारे' म्हणून चिडवतात. आमच्यात बँकवाले काका ते आहेत. त्यांच्या मते माप चुकले की सगळे चुकले. सुतारकाका म्हणतात, "गाडी चालली पायजे. चालली नाही तर थे कपाटातली बाहुली." हा वाद गेली तीन वर्षे चालू आहे आणि तो मिटू नये असे मला मनापासून वाटते.

गाडी चालते कशी, हेही सांगितले पाहिजे. दोन रुळांतून बारा व्होल्टचा एकदिश प्रवाह खेळतो. एक रूळ धन, दुसरा ऋण. चाके प्रवाह उचलून मोटारीला देतात आणि मोटार चाके फिरवते. एका बाजूची चाके दुसऱ्या बाजूपासून विजेच्या दृष्टीने वेगळी ठेवावी लागतात. धन-ऋणाची अदलाबदल केली की गाडी उलटी धावते. अर्थात, रुळात जेवढी वीज तेवढी तिथल्या सगळ्याच इंजिनांना मिळणार. म्हणून दोन गाड्या वेगवेगळ्या चालवायच्या तर रुळांचे तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळे बटण द्यावे लागते. १९९० नंतरच्या दशकात 'डिजिटल कमांड कंट्रोल' ही पद्धत रूढ झाली. तीत प्रत्येक इंजिनात एक चिमुकली चिप असते आणि फक्त स्वतःच्या क्रमांकाने आलेली आज्ञाच ती पाळते. आमच्याकडे एकच इंजिन असल्यामुळे हा प्रश्न उद्भवला नाही. गरिबीचेही काही फायदे असतात.

सुरुवातीला मी हौसेने रूळ गोल फिरवून पुन्हा त्याच मार्गाला आणून जोडले, म्हणजे गाडी आपोआप तोंड फिरवून परत येईल. बटण दाबताच ठिणगी उडाली आणि ट्रान्सफॉर्मरने मान टाकली. घड्याळवाले काका शांतपणे म्हणाले, "अरे, वळसा घेऊन उजवा रूळ डाव्या रुळाला भेटला ना! धन आणि ऋण एक केलेस तू." त्या वळशाला कुठेतरी दोन्ही रूळ तोडून, मधल्या तुकड्याची वीज वेगळी ठेवावी लागते. पुस्तकात हे मी वाचले होते. पण ठिणगी पाहिल्यावर समजले.

यातूनच मला दुसरी गोष्ट कळली. लांबी सत्त्याऐंशीपट लहान होते, पण निसर्गाचे सगळेच नियम त्या प्रमाणात लहान होत नाहीत. वजन पाहा. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही ८७ पटींनी घटतात, म्हणून वजन ८७ गुणिले ८७ गुणिले ८७, म्हणजे साडेसहा लाखांहून अधिक पटींनी घटायला हवे. तीस टनांचे इंजिन धरले तर प्रतिकृतीत ते सुमारे ४६ ग्रॅम भरेल. इतक्या हलक्या इंजिनाची चाके रुळावर नुसती घसरतात, म्हणून पोटात शिसे भरावे लागते. वेगाचेही असेच. ताशी वीस किलोमीटरने जाणाऱ्या गाडीच्या प्रतिकृतीने सेकंदाला साडेसहा सेंटिमीटरसुद्धा जायचे नसते. खेळण्यातली गाडी भरधाव पळते, ते सोपे आहे. संथ चालणे हेच कठीण. रुळावर किंचित धूळ असली की संथ गाडी जागच्या जागी थबकते. जिच्या संथपणाची सगळ्या जिल्ह्याने थट्टा केली, त्या शकुंतलेचा तो संथपणा साधायला आम्हांला चार महिने लागले!

आणि ऊन! यवतमाळचा मे महिना काय असतो ते मी सांगायला नको. आमच्या रुळांचा धातू तापमान तीस अंशांनी वाढले की मीटरला अर्धा मिलिमीटर वाढतो. पहिल्या हिवाळ्यात मी रूळ एकमेकांना घट्ट भिडवून चिकटवले आणि मे महिन्यात ते धनुष्यासारखे वाकले. खऱ्या रेल्वेने सांध्यात फट का ठेवली होती आणि गाडीचा तो खडक-खडक नाद कुठून येत होता, हे मला त्या दिवशी नीट उमगले. पावसाळ्यात फळीच फुगली, ते दुःख वेगळे.

साहित्य मात्र आपल्या मातीतच भरपूर आहे. डबे लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे. लग्नसराईनंतर आमच्या बैठकीत दिवाळी असते. झाडांसाठी पऱ्हाटीच्या वाळक्या काड्यांचे शेंडे. त्यांच्या फांद्या इतक्या बारीक आणि स्वाभाविक असतात की परदेशी दुकानातले झाड त्यांच्यापुढे खोटे वाटते. जमीन म्हणून वावरातली काळी माती, धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळलेली. गवतासाठी रंगवलेला लाकडाचा भुसा. आणि बैलगाडीतला कापूस म्हणजे अर्थातच कापूस. ज्या पिकासाठी ही रेल्वे घातली गेली, त्याच पिकाच्या काडीची झाडे तिच्या कडेला उभी आहेत.

मापांसाठी मी टेप घेऊन प्रत्यक्ष मार्गावर गेलो. झुडपे बाजूला सारून रुळांत वाकलो होतो, तोच बकऱ्या चारणारे एक म्हातारबा जवळ आले. "काय मोजून राह्यला बापू? इकत घेतं का?" मी म्हटले, "नाही बाबा, लहानशी गाडी करतोय." ते थोडा वेळ पाहत राहिले आणि मग स्वतःच टेपचे दुसरे टोक धरून बसले. नागपूरला मोतीबागेत १४ डिसेंबर २००२ रोजी सुरू झालेले नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे, तिथेही दोनदा गेलो. अडीच फुटी रुळांवरची जुनी इंजिने आणि डबे तिथे जवळून पाहता येतात. चाके, बफर, दारे यांची मापे वहीत भरली.

तरी एक गोष्ट कुठेच मिळेना. आमच्या थांब्यावर डब्याची पायरी जमिनीपासून किती उंच होती? माझ्याजवळच्या छायाचित्रांत नेमके तिथे गवत किंवा माणसे होती. मी अंदाजाने पायरी बसवली आणि गाडी पूर्ण झाली असे जाहीर केले.

आजोबा त्या वेळी दारव्ह्याकडच्या गावाहून आमच्याकडे आले होते. दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू, शस्त्रक्रिया व्हायची होती. त्यांना गाडी दिसणार नव्हती, म्हणून मी डबा आणि जमिनीचा तुकडा त्यांच्या मांडीवर ठेवला. आयुष्यभर नांगर धरलेली ती जाड बोटे त्या कागदी डब्यावरून इतकी हळू फिरली की मला श्वास सोडवेना. छत, खिडक्या, दार. मग बोट पायरीवर येऊन थांबले.

"हे असं नोतं बापू," ते म्हणाले. "पायरी लय उच होती. तुह्या आजीले हात देऊनच वर घ्या लागे."

आजीला जाऊन नऊ वर्षे झाली. तिच्याविषयी आजोबा फारसे बोलत नाहीत. त्या दुपारी मात्र बोलले. ती चढताना एका हातात पिशवी आणि दुसरा हात त्यांच्या हातात, इतके ते सविस्तर सांगत होते. मी टेप आणली. आजोबांनी उभे राहून आपल्या गुडघ्याच्या थोडे वर हात ठेवला. मी मोजले आणि ८७ ने भागले. त्या रविवारी बैठकीत बँकवाल्या काकांनी विचारले, "या मापाला आधार काय?" मी म्हणालो, "आजोबांचा गुडघा." रिव्हेट मोजणाऱ्या त्या गृहस्थांनी काही न बोलता ते माप वहीत लिहून घेतले.

मित्रहो, हा छंद कशासाठी, याचे माझे उत्तर एवढेच आहे. गाडी धावत होती तोवर तिची पायरी किती उंच आहे हे कुणी विचारले नाही, विचारण्याची गरजही नव्हती. प्रतिकृती करणाऱ्याला मात्र विचारावेच लागते, कारण त्याला ती पायरी कापून चिकटवायची असते. 'अंदाजे उंच' अशी पायरी कापता येत नाही. प्रतिकृती आपल्याला प्रश्न विचारायला लावते, आणि उत्तरे ज्यांच्याजवळ आहेत ती माणसे आपल्याच घरात ओसरीवर बसलेली असतात. ती कायम बसून राहणार नाहीत.

इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची अशीच अडीच फुटी रेल्वे होती. आपल्या बार्शी लाइट रेल्वेचे शिल्पकार एव्हरार्ड कॅलथ्रॉप हेच तिचेही अभियंते. बार्शीची रेल्वे १८९७ ची, तिकडची १९०४ ची. ती जेमतेम तेरा किलोमीटरची रेल्वे १९३४ साली, तीस वर्षांतच, बंद पडली. रूळ निघाले, तिथे आता पायवाट आहे. पण तिची मापे, आराखडे लोकांनी जपून ठेवले, म्हणून तिच्या प्रतिकृती तिकडच्या टेबलांवर आजही धावतात. आपली शकुंतला तिच्या आठपटींहून लांब आणि कितीतरी अधिक वर्षे धावलेली. तिच्यासाठी निदान एक फळी आपल्याकडे असू नये?

वर्ध्याहून येणारी ब्रॉडगेज २८ फेब्रुवारी २०२४ रोजी कळंबपर्यंत पोहोचली, तिचे स्वागतच आहे. मीही तिने पुण्याला मामाकडे जाण्याची वाट पाहतो आहे. नव्या गाडीचा आनंद मानताना जुनीची मापे घ्यायला विसरू नये, इतकेच.

आजोबांची शस्त्रक्रिया झाली. परवा त्यांनी गाडी डोळ्यांनी पाहिली. पुष्कळ वेळ पाहून म्हणाले, "चालव." मी बटण फिरवले. गाडी सेकंदाला सहा सेंटिमीटर या गतीने निंबाखाली आली आणि धुळीच्या एका कणावर थबकली. मी ओशाळून बोटाने तिला ढकलणार, तोच आजोबा हसले.

"राहू दे," ते म्हणाले. "अशीच थांबे थे."

आई आता पाहुणे आले की मागच्या खोलीचे दार ओढून घेत नाही.